तपासणीला आलेला माणूस जेवत नाही

मामा, तुम्ही जाऊन अजून महिना व्हायचा आहे आणि तुमच्या नावावर लोक वाटेल ते बोलायला लागले आहेत.

बाबा म्हणतात, शेवटच्या वेळी पुण्याहून परतल्यावर तुम्ही त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोरगी एकटी पडली आहे तिथं. अकोल्याला बोलावून घ्या." आई म्हणते, असं काही झालंच नाही, दादा तर म्हणाला होता, "तिची काळजी करू नका, ती नीट आहे." तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, पंगतीची मोठी भांडी अजून अंगणात पालथी पडलेली होती तेव्हा, मी आधी बाबांचं ऐकलं, मग स्वयंपाकघरात जाऊन आईचं ऐकलं. माझा दोघांवरही विश्वास बसला नाही.

गेलेल्या माणसाची एक अडचण असते. त्याने काय म्हटलं होतं, हे सांगायला बाकी सगळे मोकळे होतात. मामींकडे भेटायला आलेल्या एका बाईंनी तर सांगितलं की तुम्ही फार कमी बोलायचात. तुम्ही! मी चहाचा कप तोंडाला लावला आणि गप्प बसले. मी गप्प बसते हे तुम्हाला माहीत आहे.

पण या वेळी गप्प बसून चालणार नाही, कारण माझ्या विश्रांतवाडीच्या घराचा करार महिनाअखेर संपतो आहे. परवा घरमालकीण बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "राहणार असाल तर सांगा. नसाल तर त्याहून लवकर सांगा." बाबा म्हणतात करार वाढवू नकोस, सामान बांध. तेराव्याच्या वेळी त्यांचं वाक्य "मामांनी सांगितलं होतं" असं होतं. मी पुण्याला परतले तोवर फोनवर ते "मामांची शेवटची इच्छा" झालं. तुम्ही असतात तर दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं असतंत.

मला तुम्हाला विचारता येत नाही. तुम्ही मला कधी पत्र लिहिलं नाहीत, मेसेजला नुसता अंगठा पाठवायचात. आपण जे काही बोललो ते हॉटेलात, समोर ताटं ठेवून. म्हणून गेले काही दिवस मी आपली जेवणं आठवते आहे. दुःखापेक्षा चौकशीच जास्त चालली आहे, हे कळतंय मला. पण तुमच्यासाठी रडायचं तर आधी तुम्ही कोणाच्या बाजूचे होतात हे कळायला हवं.

नोकरी लागली तेव्हा बाबा मला पुण्याला पाठवायला तयार नव्हते. शेवटी एका अटीवर तयार झाले. मामा अधूनमधून जाऊन बघून येतील. तुम्ही तेव्हा नुकतेच बँकेतून निवृत्त झाला होतात आणि सगळी नोकरी तुम्ही दुसऱ्या शाखा तपासण्यात घालवली होती. म्हणजे माझ्यावर लक्ष ठेवायला घरात त्यातल्या त्यात अनुभवी माणूस निवडला गेला होता. मी हे लगेच ओळखलं. इंग्लिश शाळेत गेलेल्या मुलीला घरातलं काही कळत नाही असं सगळ्यांना वाटतं, त्याचा फायदा असा की सगळे आमच्यासमोर मोकळेपणाने बोलतात.

पहिल्यांदा आलात तो दिवस मला अजून आठवतो. तुम्ही बिबवेवाडीला तुमच्या जुन्या मित्राकडे उतरला होतात आणि सगळं शहर ओलांडून माझ्याकडे आलात. मी सकाळपासून घर आवरत होते. पोहे भिजवून ठेवले होते, शेंगदाणे तळून ठेवले होते. तुम्ही दारात चपलांच्या रॅकपाशी उभे राहिलात आणि आत आलाच नाहीत.

"या ना मामा. पाणी देऊ?"

"नको, पिऊन आलो."

"चहा?"

"चहाची वेळ नाही बेटा ही. चल, जेवायला कुठं नेतेस?"

तेवढ्यात तुम्ही जे पाहायचं ते पाहिलंत. दारातून ओटा दिसतो. ओट्यावरच्या फळीवर मी बाहेरून मागवलेल्या जेवणाचे काळे प्लॅस्टिकचे डबे धुऊन एकात एक घालून ठेवले होते. सगळे ठेवतात तसे. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "डबे छान जमवलेस."

मला तेव्हा वाटलं, पसाऱ्याबद्दल टोमणा आहे. जिना उतरताना लक्षात आलं. ते सगळे डबे एकाच मापाचे होते. एका माणसाच्या जेवणाचे.

मी पुढच्या वेळी डबे कपाटात ठेवले. तुम्ही दारात उभे राहून रिकाम्या फळीकडे पाहिलंत आणि काहीच बोलला नाहीत. ते जास्त वाईट होतं.

त्या पहिल्या दिवशी मी फोनवर हॉटेल शोधून ठेवलं होतं. चार पूर्णांक काहीतरी तारे, शेकडो लोकांचे अभिप्राय. तुम्ही फोन हातात घेऊन लांब धरून वाचलंत.

"हे कोण लोक आहेत? तू ओळखतेस यांना?"

"नाही."

"मग यांच्या सांगण्यावरून माझ्या पोटात काहून काही घालून राहिलीस?"

आणि आपण आळंदी रोडने चालायला लागलो. उन्हात. तुमची शोधायची पद्धत मला तोवर माहीत नव्हती. तुम्ही पाटी वाचायचाच नाहीत. हॉटेलच्या मागच्या बाजूला जायचात, जिथे पंखा स्वयंपाकघरातली हवा बाहेर फेकतो, आणि तिथे उभे राहून वास घ्यायचात. मी रस्त्याच्या पलीकडे, तुम्हाला ओळखत नसल्यासारखी. एका ठिकाणी तुम्ही म्हणालात, "तेल म्हातारं झालं आहे." दुसऱ्या ठिकाणी टेबलावरची लिंबाची फोड उचलून पाहिलीत, कडेने सुकलेली होती; आपण पाणी यायच्या आत उठलो. मला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. वेटर बघत होता, मी माझ्या सँडलकडे बघत होते.

तिसऱ्या ठिकाणी गल्ल्यावर मालक स्वतः बसले होते. तुम्ही विचारलंत, "ताजं काय आहे?"

"मी आहे. आत्ताच अंघोळ करून आलोय."

"आणि जेवायला?"

"जेवायला सकाळचं आहे. संध्याकाळचं संध्याकाळी करतो."

तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बैस. हा खोटं बोलत नाही." आणि मग दाल फ्राय आली, जिरा राइस आला, आणि तुम्ही पहिल्या घासाला डोळे मिटलेत. ती दाल खरंच चांगली होती, मामा. पुण्यात येऊन इतके दिवस झाले होते आणि मी पहिल्यांदा गरम जेवण जेवत होते. डब्यातलं जेवण दारात येईपर्यंत घाम आलेल्या माणसासारखं होतं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही ते कुठेतरी नोंदवलं असतंत, असं मला वाटलं.

पुण्याच्या भाजीत साखर असते यावर तुमचं स्वतःचं एक मत होतं. "साखर घालतात म्हणजे काहीतरी लपवतात." मग पंजाबी म्हणून येणारी ती लाल ग्रेव्ही तुम्ही चमच्याच्या टोकावर घेऊन जिभेला लावायचात आणि निकाल द्यायचात. गोड. गोड. हीपण गोड. आपण मागवायचो आणि मीच खायचे, कारण टाकून उठणं तुम्हाला मान्य नव्हतं आणि मला तक्रार करता येत नव्हती.

ती सवय तुम्ही मोडलीत. बिबवेवाडीला, तुमच्या मित्राच्या घराजवळच्या एका हॉटेलात. पनीर आलं ते आंबट होतं. मी खायला लागले. तुम्ही माझं तोंड बघत होतात.

"कसं आहे?"

"ठीक आहे."

"ठीक आहे की आंबट आहे?"

"आंबट आहे. पण राहू द्या ना मामा."

"काहून? तोंड कोणाचं आहे?"

"माझं."

"मग सांग त्याला. मी सांगणार नाही."

आणि तुम्ही खरोखर खिडकीतून बाहेर बघत बसलात, जणू चुकून एका टेबलावर बसलेले अनोळखी गृहस्थ. मी वेटरला बोलावलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की त्याला दोनदा वाकावं लागलं. तो म्हणाला, "मॅडम, पनीर असंच असतं." मी म्हटलं, "असंच असेल तर मला नको." तो घेऊन गेला. नवं आणलं. जग बुडालं नाही. तुम्ही खिडकीतून तोंड आत वळवलंत आणि पोळी मोडलीत. त्यानंतर ऑफिसात मी पहिल्यांदा एका मीटिंगमध्ये "हे माझ्याकडून होणार नाही" असं म्हटलं. ते श्रेय तुम्हाला कधी दिलं नाही. तुमचा हेतू काय होता हे कळेपर्यंत श्रेय द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

कारण एक गोष्ट मला सतत टोचत होती. तुम्ही माझ्याकडे पाण्याचा घोटही घेत नव्हतात. दर वेळी मी काहीतरी करून ठेवायचे, दर वेळी तुम्ही दारातूनच मला बाहेर काढायचात. एकदा मी थालीपीठ केलं होतं, लोणी आणून ठेवलं होतं. तुम्ही वास घेतलात, मला दिसलं तुम्ही वास घेतलेला. आणि म्हणालात, "आज चायनीज खाऊ."

चायनीज हा तुमचा म्हातारपणीचा नाद. घरी मामींना त्या सॉसचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून अकोल्यात तुमचं चायनीज बंद होतं आणि पुण्यात तुम्ही ते सगळं भरून काढायचात. पण त्यातही संशय. शेजवानची लाल चटणी टिशूवर घासून रंग उतरतो का पाहायचात. एका वेटरने तुम्हाला सांगितलं होतं, "काका, ती खायला आहे, रंगवायला नाही." त्याला तुम्ही हसून दाद दिलीत आणि तरी उठलात.

मग ती माझ्या घराजवळची जागा सापडली. हार्डवेअरच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर, चारच टेबलं. तुम्ही आत शिरताच फर्मान सोडलंत, "एक साधा फ्राइड राइस. रंग नको, सॉस नको. तो खाऊन मग पुढचं सांगतो."

आतून आचारीच बाहेर आला. हातात झारा. "साधा म्हणजे कसा?"

"म्हणजे तुम्ही घरी खाता तसा."

"घरी मी भाकरी खातो."

"मग जसा तुम्हाला बरा वाटतो तसा करा."

त्याने तो राइस केला. भाताचा दाणा दाणा मोकळा, पातीचा कांदा, मिरी, बाकी काही नाही. तुम्ही अर्धी प्लेट संपवलीत. मग म्हणालात, "ज्याला साधं येतं त्याच्याकडे पुढचं मागवावं. ज्याला साधं येत नाही तो मसाल्याआड लपतो." आणि व्हेज मंचुरियन, नूडल्स, सगळं मागवलंत. तुम्ही खूश होतात. मी तो क्षण निवडला.

"मामा, तुम्ही माझ्याकडे जेवत का नाही?"

तुम्ही तोंडात घास असतानाच सांगायला लागलात. नोकरीत लागलात तेव्हा तुमच्या पहिल्या साहेबांनी घालून दिलेला नियम. ज्या शाखेची तपासणी करायची तिथलं काही खायचं नाही. मॅनेजर घरून डबा मागवतो, "साहेब, घरचंच आहे, संकोच नको" म्हणतो. हात जोडायचे आणि बाहेर पडायचं. म्हणून दर गावात दुपारी तुम्ही एकटे बाजारात फिरायचात, कुठे चांगलं मिळतं ते शोधत. रिपोर्टवर सही झाली की मग त्यांच्याकडचा चहा. आधी नाही.

"काहून की खाल्लेल्या घरचं वाईट लिहिता येत नाही बेटा," तुम्ही म्हणालात.

मला पुढचं नीट ऐकू आलं नाही.

"म्हणजे माझी तपासणी चालली आहे."

तुम्ही व्हिनेगरमधली मिरची उचललीत, खाल्लीत, पाणी प्यायलात.

"तुला काय वाटते?"

"मला वाटतं, हो."

"मग हो."

"बाबांनी पाठवलंय म्हणून."

"तुझा बाप मला काय पाठवणार!"

"मग स्वतःहून येता?"

"पोरी, तू लय संशयी आहेस. माझ्यावर गेलीस."

तुम्ही दोन-तीनदा काहीतरी विषय काढलात, मी हं, हं करत राहिले. खाली उतरून तुमच्यासाठी रिक्षा थांबवली. तुम्ही बसलात, आणि रिक्षा सुटताना बाहेर डोकं काढून म्हणालात, "मंचुरियन चांगलं होतं." मी म्हटलं, "हो." आपलं भांडण तिथेच राहिलं. तुम्ही पुन्हा काढलं नाहीत, मीही नाही. आपल्या घरात भांडणं मिटवायची पद्धत नाही, ती जुनी होऊ द्यायची पद्धत आहे. हे मात्र जुनं व्हायला वेळच मिळाला नाही.

आणि मग तुम्ही शेवटचे आलात. थंडी होती. मी दार उघडलं आणि सवयीने ओढणी घेतली, बाहेर पडायला. तुम्ही चपला काढल्यात. रॅकवर ठेवल्यात. सरळ आत येऊन ओट्यापाशीच्या स्टुलावर बसलात आणि म्हणालात, "भूक लागली. काय आहे?"

मामा, माझ्याकडे काहीही नव्हतं. इतके दिवस करून ठेवलेलं सगळं तुम्ही नाकारलंत आणि ज्या दिवशी मी काही केलं नव्हतं त्या दिवशी येऊन बसलात. कालचा भात होता. मी फोडणीचा भात टाकला. कांदा, मिरची, हळद, दाणे. मोहरी आधी जळाली म्हणून ती टाकून पुन्हा फोडणी केली. तुम्ही सगळं बघत होतात. ताटली पुढे ठेवली.

"हे तर आपलं चायनीज झालं," तुम्ही म्हणालात. मग एक घास. "मीठ कमी आहे."

मीठ दिलं. तुम्ही तो भात संपवलात, पुन्हा मागून घेतलात, पाणी प्यायलात, माझ्या घरचं, पहिल्यांदा. मी समोर उभी होते आणि माझ्या मनात एकच विचार होता. सही झाली. रिपोर्ट गेला. त्यात काय आहे?

विचारलं नाही. पहिल्या वर्षानंतर माझ्यासोबत राहायला आलेली मैत्रीण कुठे आहे, हे तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, गावाला. तिच्याशी जमतं का विचारलंत. मी सांगितलं, आता जमतं. "आता" या शब्दावर तुम्ही मान हलवलीत. हे सगळं सरळ, साधं बोलणं होतं, आणि मी प्रत्येक उत्तर कोर्टात दिल्यासारखं दिलं. तुम्ही गेल्यावर मी कढईत उरलेला भात ओट्यापाशी उभी राहून खाल्ला. मीठ खरंच कमी होतं. पुढच्या महिन्यात आईचा फोन आला. तुम्ही दुपारी आडवे झालात ते उठलाच नाहीत.

आता चौकशी इथे येऊन अडते. तुम्ही जेवलात, म्हणजे काम संपलं होतं. पण निकाल काय होता? पास झाले म्हणून जेवलात, की मला परत न्यायचं ठरलं, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून जेवलात? बाबांचं वाक्य पूर्ण खोटं आहे असंही मला म्हणता येत नाही. एकटी पडले होते मी. पहिलं वर्षभर शनिवारी-रविवारी मी कोणाशी बोललेच नाही, फक्त जेवण आणून देणाऱ्या मुलांना थँक्यू म्हणायचे. ते डबे तुम्ही पाहिले होते. पाहून तुम्हाला कळलं नसेल, असं मी म्हणणार नाही.

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या बसमध्ये बसलेली असताना मला त्या हार्डवेअरच्या दुकानावरचं तुमचं वाक्य आठवलं. सगळं. मी रागात होते म्हणून अर्धंच धरून ठेवलं होतं. तोंडात नूडल्स घेऊन तुम्ही पुढे म्हणाला होतात, "आणि चांगलं लिहिलं तर कोणी खरं मानत नाही. म्हणते, याला जेवू घातलं असेल."

मी एक स्टॉप पुढे जाऊन उतरले.

असं असेल का मामा? की माझ्या पाण्यालाही शिवला नाहीत, ते माझ्याबद्दल चांगलं बोलायचं होतं म्हणून? ते थालीपीठ नाकारलंत ते बाबांसमोर तुमच्या शब्दाला वजन राहावं म्हणून? हे मनात आलं आणि बसस्टॉपवर मला पहिल्यांदा रडू आलं. तेराव्यापर्यंत आलं नव्हतं. सगळे मला कठोर समजले असतील.

पण घरी पोचेपर्यंत मी त्या रडण्यावरही संशय घेतला. बाबांना मला परत न्यायचं आहे, म्हणून त्यांच्या आठवणीतले मामा "बोलावून घ्या" म्हणतात. आईला घरात भांडण नको आहे, म्हणून तिचे मामा "काळजी करू नका" म्हणतात. आणि मला इथे राहायचं आहे. म्हणजे मलाही हवे तसेच मामा आठवणार. तुमचं ते पुढचं वाक्य तुम्ही बोललात, की मी बसमध्ये बसून तयार केलं? मला शपथेवर सांगता येणार नाही. तुमच्या नावावर माल खपवणाऱ्यांत माझंही दुकान आहे.

म्हणून मी ठरवलं की तुम्हाला साक्षीला बोलवायचं नाही. कोणीच नाही. मी रविवारी दुपारी बाबांना फोन केला.

"मामांचं राहू द्या," मी म्हटलं. "मामा काय म्हणाले ते मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? मामांची इच्छा..."

"बाबा. तुम्हाला."

फोनमध्ये अकोल्याच्या घरातल्या त्या जुन्या पंख्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "मला वाटते तू परत यावं."

"का?"

"का म्हणजे? घरात कोणी नाही. तुझी आई नि मी दोघं टीव्ही पाहत जेवतो." ते खाकरले. "तिथं तुझं काय चाललं आहे, मला कळत नाही. मला ते आवडत नाही."

हे वाक्य त्यांचं होतं. त्यात दुसऱ्या कोणाचं काही मिसळलेलं नव्हतं. म्हणून मीही माझं दिलं.

"मी येणार नाही, बाबा. मी इथेच राहते आहे. उद्या करारावर सही करते. पहिल्या वर्षी एकटी होते, खूप होते. आता तेवढी नाही. तुम्हाला कळावं म्हणून सांगते आहे, परवानगी मागत नाही."

मी हे सगळं एका दमात म्हटलं आणि नंतर फोन कानापासून थोडा लांब धरला. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "असं कोणाकडून शिकलीस बोलायला?"

तुमचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं ना.

"मग मला येऊन पाहावं लागेल," ते म्हणाले. जरा रागाने, पण रेल्वेच्या वेळा विचारताना असतो तेवढाच राग.

"या."

"तिथं चायनीज बरं मिळते म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तुझे मामा, दुसरं कोण! दर वेळी पुण्याहून आले की मी विचारायचो, पोरगी कशी आहे? तर हे सांगत बसायचे, कुठंसा एक माणूस रंग न घालता भात करतो, दाणा दाणा मोकळा. मी म्हणायचो, अहो, मी पोरीचं विचारून राहिलो. तर म्हणायचे, तेच सांगून राहिलो. तिच्यासोबत जेवलो."

"आणि?"

"आणि काय? दाल अमक्या ठिकाणी, पनीर तमक्या ठिकाणी. तासभर."

"दुसरं काही नाही म्हणाले?"

"नाही ना! तोच तर माझा राग होता त्यांच्यावर."

बाबांच्या लक्षात आलं नाही ते काय बोलून गेले. मी आणून दिलं नाही. तुम्ही गेल्यापासून तुमच्याबद्दल ऐकलेल्या सगळ्या वाक्यांत हे एकच असं होतं जे रचून कोणाचाच काही फायदा नव्हता, आणि मी ते तपासायचं सोडून दिलं.

"मग कधी येऊ?" बाबांनी विचारलं.

"कधीही या," मी म्हटलं. "फक्त भूक ठेवून या."